विंगेतून : अकरा पायऱ्या की तेरा?

प्रश्न : काका, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. लग्न होऊन १९८९ साली ठाण्याला आले. माझे वडील केशवराव भोसले नाट्यगृहात मध्यंतराला चहा द्यायचे. कँटीन त्यांचं नव्हतं, ते दुसऱ्याच्या हाताखाली होते. त्यांच्या किटलीमागून मी आणि माझा धाकटा भाऊ फुकटात आत शिरायचो. बाल्कनीच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीला टेकून, आम्ही नाटक बघायचो. पुढे कुणी उंच माणूस बसला की उभं राहायचं आणि बाबांनी डोळे वटारले की खाली बसायचं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री भावाने नाट्यगृह जळतानाचा व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, आपलं थेटर गेलं." मी ओक्साबोक्शी रडले. मुलगा म्हणाला, "आई, गेल्या वीस वर्षांत एकदा तरी आत गेली होतीस का?" खरंच गेले नव्हते. त्यानंतर माहेरी गेले तेव्हा रिक्षावाल्याला सांगितलं, खासबागेवरून नको, लांबून घे. आता भाऊ सांगतो, काम चाललंय, होतं तस्सं बांधतायत. ऐकून आनंद व्हायला हवा, तर मला राग येतो. हे खुळेपण आहे का? आणि उघडल्यावर जावं की नको?
— एक माहेरवाशीण, ठाणे

उत्तर : ताई, खुळेपणाची गोष्ट निघालीच आहे तर आधी माझं ऐका. त्या रात्री मी राजारामपुरीत घरी जेवून आडवा झालो होतो. पुतण्याचा फोन आला, "काका, केशवराव पेटलंय." तशीच स्कूटर काढली. पोलिसांनी गर्दी लांबच अडवली होती, पण छपरावरच्या ज्वाळा तिथूनही दिसत होत्या. माझ्या शेजारी एक नट उभा होता. आयुष्यभर खलनायक रंगवलेला माणूस, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. आणि मी? मी मनातल्या मनात वाळूच्या बादल्या मोजत होतो. डाव्या विंगेत दोन, उजवीकडे एक, मेकअपरूमच्या दाराशी एक. त्या बादल्या मी हाताळल्या होत्या १९८० च्या आसपास. चाळीस वर्षांपूर्वीच्या चार बादल्या घेऊन मी समोरची आग विझवायला निघालो होतो. आता सांगा, खुळं कोण?

बादल्यांचं कारणही सांगून टाकतो. मी जन्मभर नाटकांना लाइट केले. १९८६ साली एका तालुक्याच्या गावी प्रयोग होता. थिएटर कसलं, धान्याच्या गोदामाला स्टेज जोडलेलं. दुसऱ्या अंकात माझा एक हॅलोजन वरच्या झालरीला टेकला. चूक सर्वस्वी माझी, सगळं बांधून झालं म्हणून मी चहाला गेलो होतो. परत आलो तर जळक्या कापडाचा वास. हिरॉइनचं स्वगत चाललेलं. तिनं एकदा वर बघितलं आणि स्वगत पुढे चालू ठेवलं. मी शिडीवर चढून झालर हातानंच ओढून काढली, खाली पोराने झालरीवर वाळू टाकली. प्रेक्षकांना वाटलं धूर नाटकातलाच आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. माझ्या डाव्या तळव्यावर अजून एक चकचकीत डाग आहे. त्यानंतर कुठल्याही थिएटरात पाऊल टाकलं की आधी बादल्या मोजायच्या, मग स्पॉट लावायचे, ही सवयच लागली.

थिएटर म्हणजे शेवटी असतं काय? लाकडी फळ्या, रंगवलेली कापडं, दोर, मखमल, आणि वर्षानुवर्षं वर साचलेली धूळ. वर पडदे खेचून घ्यायला जी मोकळी उंची ठेवलेली असते ना, ती आग लागली की धुराड्याचं काम करते. खालची हवा ओढून घेते आणि सगळं वर नेते. म्हणून युरोपातल्या जुन्या थिएटरांत रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये वरून सोडायचा लोखंडी पडदा असे. हे सगळं मला पाठ आहे. तरी त्या रात्री उपयोग काय झाला, तर बादल्या मोजल्या.

आता तुमच्या मुलाचं. पोरगं बोललं ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ त्याला वाटतो त्याच्या उलटा आहे. दर आठवड्याला तिथे जाणारे आम्ही लोक त्या रात्री रडलो आणि सकाळी कामाला लागलो. स्पर्धेच्या तालमी कुठे घ्यायच्या, पुढचे प्रयोग कुठे लावायचे, सामान कुणाच्या गोदामात टाकायचं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, ज्यांचं नाव थिएटरला आहे त्या गायक नट केशवरावांची जयंती. जन्म १८९० चा. आम्हा चार-पाच जुन्या बॅकस्टेजवाल्यांचा दरवर्षी एक हार असतो, तो आधीच सांगून ठेवलेला. सकाळी सातला फुलवाल्याचा फोन आला, "मामा, हार करू का नको?" काय सांगणार? म्हटलं, कर.

रोज जाणाऱ्याच्या डोक्यातलं थिएटर रोज थोडं थोडं बदलत असतं. आज खुर्च्या बदलल्या, उद्या रंग दिला, परवा साउंड नवा आला. तुमच्या डोक्यातलं १९८९ साली कुलूप लावून ठेवलेलं होतं. त्यात तुमचे बाबा अजून किटली घेऊन जिना चढत होते. तुम्ही वीस वर्षं आत गेला नाहीत म्हणून तर ते तसंच्या तसं शिल्लक होतं. मुलाला हे सांगून बघा. नाही पटलं तर सोडून द्या, त्याचंही एखादं ठिकाण कधीतरी जाईल तेव्हा कळेल.

आणि राग. "होतं तस्सं" म्हणजे कुठल्या सालातलं, हे एकदा तुमच्या भावाला विचारा. शाहू महाराज १९०२ साली युरोपला जाऊन आले, रोम पाहून आले. परत आल्यावर आधी खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला पाठ लावून हे थिएटर. ९ ऑक्टोबर १९१३ ला काम सुरू, १४ ऑक्टोबर १९१५ ला पुरं. दोन वर्षं आणि पाच दिवस. तेव्हा नाव पॅलेस थिएटर. १९५७ साली केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं, ते माझं जन्मसाल. पण आमचे वडील जाईपर्यंत "पॅलेसला जाऊन येतो" असंच म्हणत. १९१५ साली तिथे माईक नव्हता, दिवे कमी-जास्त करायचे माझे डिमर नव्हते. दहाएक वर्षांपूर्वी मोठं नूतनीकरण झालं तेव्हा आतलं रूप बघून मी स्वतः नाक मुरडलं होतं. चहाच्या टपरीवर तासभर भाषण दिलं, आता हे आपलं थेटर राहिलं नाही म्हणून. आणि ८ ऑगस्टच्या रात्री मी हळहळत होतो ते कशासाठी? त्याच नाक मुरडलेल्या थिएटरासाठी.

तेव्हा राग बांधणाऱ्यांवर काढू नका. तस्सं म्हटलं तरी त्यात तुमचे बाबा किटलीसकट पुन्हा उभे राहणार नाहीत, तुमचा राग त्याचा आहे. तो येणारच, येऊ द्या.

पुन्हा बांधलेलं म्हणजे नकली, असं मात्र मी मानत नाही. आपलं कोल्हापूर या बाबतीत जुनं शिकलेलं आहे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि त्यात पुन्हा चित्रपट केले. आमच्या पिढीने पाहिला तो हा दुसरा जयप्रभा. त्याला कुणी दुसरा म्हणालेलं मला आठवत नाही.

लांबचं उदाहरण हवं तर व्हेनिसचं घ्या. तिथल्या ऑपेरा थिएटरचं नाव ला फेनिचे, म्हणजे फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. नावाला जागून ते १८३६ साली जळलं, बांधलं, आणि २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा जळलं. तिथल्या लोकांनीही हट्ट धरला, होतं तसंच आणि होतं तिथंच. पण "तसंच" म्हणजे कसं, हे ठरवताना नुसते नकाशे पुरले नाहीत. १९५४ सालच्या एका इटालियन चित्रपटाचं चित्रीकरण त्या थिएटरात झालं होतं. बांधणाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, नक्षी कशी होती, सोनेरी रंग कुठवर होता हे शोधायला. थिएटर उघडलं ते डिसेंबर २००३ मध्ये. जवळजवळ आठ वर्षं गेली.

हे सांगतोय ते तुमच्या पत्रातल्या एका ओळीसाठी. तुम्ही लिहिलंय, बाल्कनीच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. ताई, तेरा होत्या. मी त्या जिन्यानं स्पॉट खांद्यावर घेऊन किती वेळा चढलोय, तुम्हाला कल्पना नाही. जुने स्पॉट म्हणजे लोखंडाचा डबा, त्यात जाड भिंग. दहाव्या पायरीला दम लागायचा आणि अजून तीन दिसायच्या. तुमचं पत्र वाचून मी दोघा जुन्या दोस्तांना फोन केला. प्रॉम्प्टर म्हणतो नऊ. पडदा ओढणारा म्हणतो, "पायऱ्या कोण मोजतंय भावा, मी कायम खालीच होतो." दगडी भिंती आणि दर्शनी भाग आगीतून राहिला, पण आतल्या जिन्याबद्दल चार माणसांची ही चार उत्तरं.

तर एक काम करा. रडून झालं असेल तर वही काढा. बाबा कुठल्या दाराने आत यायचे, किटली कुठे ठेवायचे, कप कशात विसळायचे, तिसरी घंटा झाली की उरलेले कप कसे गोळा करायचे, ते लिहा. भावाला वेगळं लिहायला सांगा आणि मग दोन्ही ताडून बघा. भांडण होईल, होऊ द्या. भावाकडे त्या जिन्यावरचा किंवा दारातला एखादा फोटो असेल तर मागून घ्या. मुंजीच्या अल्बममधल्या फोटोत सुद्धा मागे काय काय सापडतं. थिएटरचे फोटो पुष्कळ असतात, पण सगळे समोरून काढलेले. चहावाल्याच्या वाटेचा फोटो कुणी काढलेला नसतो.

जावं का? जा. उद्घाटनाला मात्र जाऊ नका. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणं असतील, तुम्हाला मागे कुठेतरी उभं करतील. एखाद्या आडवारी हौशी मंडळींचा प्रयोग बघून जा. तिकीट काढून, बाल्कनीचं. जन्मभर फुकट बघितलंत, एकदा पैसे द्या. मध्यंतराला चहा घ्या, वाईट असला तरी घ्या. आणि पायऱ्या मोजून मला कळवा. नव्या जिन्याला अकरा निघाल्या तरी मी जुन्याच्या तेरावर ठाम आहे.

प्रश्न : मी चेंबूरचा. रोज राज कपूरच्या आर. के. स्टुडिओच्या जागेवरून ऑफिसला जातो. लहानपणी तिथे गणपती आणि होळीच्या गोष्टी ऐकल्या, गेटबाहेर तासन्‌तास उभं राहिलो. आता टॉवर. मुलीला काय दाखवू?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : तुमचं दुःख वरच्या ताईंपेक्षा अवघड आहे. सप्टेंबर २०१७ च्या आगीत तुमचा स्टुडिओ जळला, जुने कपडेपट गेले, पण तो संपला आगीने नव्हे. मालकांचं गणित जमेना, जागा विकली गेली. १९४८ साली सुरू झालेला स्टुडिओ २०१९ मध्ये गृहबांधणी कंपनीकडे गेला. कपूर कुटुंबाला दोष देऊन काय करायचं? स्टुडिओ चालवणं म्हणजे पांढरा हत्ती, तो आपण गेटबाहेरून बघत होतो, चारा त्यांना घालावा लागत होता.

महाराजांनी बांधलेलं आणि पालिकेच्या ताब्यात आलेलं थिएटर जळालं तर लोक हक्कानं म्हणू शकतात, पुन्हा बांधा. खासगी जागेवर तसा हक्क सांगता येत नाही. मुलीला आत जाऊन दाखवण्यासारखं काही नाही. ज्या ठिकाणी तुम्ही उभे राहत होता तिथे तिला उभं करा आणि कुणाची गाडी आत जाताना दिसली होती ते सांगा. पाच मिनिटांच्या वर लांबवू नका, मुलं कंटाळतात.

प्रश्न : सर, मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. केशवराव भोसले नाट्यगृहात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा आणि त्याचं कारण रंगमंचाखाली असलेली विहीर, असं आमचे सर सांगतात. खरं का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : पहिला अर्धा भाग मी कानानं ऐकलाय, तेव्हा शपथेवर सांगतो. १९८२ किंवा ८३ साल. संगीत नाटकाची रंगीत तालीम होती. उन्हाळ्याचे दिवस, वीज गेली. मी बाल्कनीत शेवटच्या रांगेत स्पॉटशी बसलेलो. काळोख मिट्ट. कुणीतरी म्हणालं, येईपर्यंत थांबू या. पण नाटकातले म्हातारे गवई अडून बसले, म्हणाले, आम्ही काय बल्बाच्या उजेडात गाणं शिकलो काय? आणि तंबोरा लावायला घेतला. मला वर खुंटी पिळल्याचा आवाज आला. तार लागताना ती जी एकदा कुरकुरते ना, तो. मग त्यांनी सूर लावला. माईक नाही, उजेड नाही, आणि शब्दन्‌शब्द कळत होता. पंखे बंद पडले होते हेही लक्षात घे. अर्धी जादू पंखे बंद असण्याची.

केशवरावांची पिढी अशीच गायची. 'संयुक्त मानापमान'चं नाव अभ्यासात आलं असेलच. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी एकत्र आल्या. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. सगळं उघड्या गळ्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, जेमतेम एकतीस वर्षांचे. त्यांचं नाव ज्या थिएटरला आहे तिथे आवाज नीट लागत नसता तर ती थट्टाच झाली असती.

आवाज जायची कारणं बरीच असतात. प्रेक्षागृहाचा आकार, छताची उंची, बाल्कनीची खोली, आणि लाकडी रंगमंचाखाली मोकळी पोकळी. तंबोऱ्याचा भोपळा का पोकळ असतो, विचार कर. फळ्यांवर पाय आपटला की पोकळीतला आवाज अंगावर येतो, तो काँक्रीटच्या स्टेजवर येत नाही. नाचणाऱ्या मुलींना विचार, त्यांच्या गुडघ्यांना फरक जास्त कळतो.

विहिरीची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्याबरोबर दुसरी फुशारकी ठरलेली असायची, "मधी एक खांब नाही बघ." बाहेरगावचा पाहुणा आला की कोल्हापूरकर या दोन्ही गोष्टी भेळ खाता खाता सांगणारच, आणि पुढे, "महाराजांनी बघून आणलं होतं ते."

मी स्वतः त्या रंगमंचाखाली एकदा उतरलो होतो, ते केबल टाकायला. विजेरी धरायला एक पोरगा बरोबर घेतला होता. वाकून वाकून पाच-सहा हात आत गेलो असेन. पोरगा एकदम म्हणाला, "काका, डोळे!" मी वळलो. कुठल्यातरी ऐतिहासिक नाटकातला फाटका शेला खाली घसरून पडला होता, त्यावर मांजरीची चार पिल्लं. केबल आम्ही दुसऱ्या बाजूनं टाकली.